मुकादमाची सातची वेळ

बादलीवर ताटली झाकून तो जिना उतरू लागला, तेव्हा आतून मुकादमाने दोनदा धडक दिली. ताटली खणखणली. वर दारात उभी असलेली आई म्हणाली, "ओळखीच्या कुणाला देऊ नकोस हं. नाक्यावरच्या दुकानात तर मुळीच नको. लांब कुठेतरी."

"का गं?"

"जवळ असला की तुझे पाय तिकडेच वळणार. एकदा दिला की दिला."

नाक्यापर्यंत येईतो त्याचा निर्धार विरघळला. मुकादमाला त्याने नाक्यावरच्याच दुकानात दिले आणि घरी येऊन पुलापलीकडच्या एका माणसाचे नाव पुढे केले. आईशी खोटे बोलल्याची बोच होतीच. पण बाबांना दिलेला शब्द मोडल्याची बोच त्याहून खोल होती.

कारण मुकादम बाबांचा. हाताच्या पंजाएवढा, करड्या अंगाचा, कपाळावर टेंगूळ असलेला मासा. टाकीतल्या लहान माशांवर देखरेख करत फिरतो म्हणून बाबांनीच हे नाव ठेवले होते. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मुलाचा हात धरून सांगितले होते, "मुकादमाला सांभाळ. कुणाला देऊन टाकू नका." त्याने मान डोलावली होती.

बाबा गेले आणि मुकादम बिघडला. रोज संध्याकाळी सातला तो बाबांच्या खुर्चीकडच्या काचेशी येऊन डोके आपटू लागला. याच वेळी बाबा त्याला हाताने भरवत असत. मुलाने एकदा तसे करून पाहिले, तर तो बोटाला कडकडून चावला. आई त्या वेळी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून घासलेलीच भांडी पुन्हा घासत असे.

मग लहान मासे एकेक करून जाऊ लागले. तो कामावरून परतला की आई सांगे, "आज आणखी एक मारला बघ त्यानं. तुला बघवलं नसतं. मीच कुंडीत पुरला." बोलताना ती त्याच्याकडे पाहत नसे. ओट्यावर निळ्या झाकणाची बरणी धुऊन उपडी घातलेली असे.

सहावा गेला तो 'अर्धवट'. शेपटीचा वरचा भाग जन्मापासूनच नसलेला तो नारिंगी मासा. त्याचे नावही बाबांनीच ठेवलेले.

"आता दोनच उरलेत," आई म्हणाली. "तेही जायची वाट बघायची का?"

दुसऱ्या दिवशी त्याने बादली काढली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता. बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय झाकणाचे स्क्रू आवळायचे नाहीत, ही त्याची शिस्त. या बाबतीत मात्र त्याने झाकण लावून टाकले होते, आणि आत काहीतरी खडखडत राहिले होते. जेवताना घास हातातच राही.

"अरे, मासा होता तो," बायको एकदा वैतागून म्हणाली. "लेक सासरी धाडल्यासारखं तोंड करून काय बसलायस?"

"लेक असती तर पोचल्याचा फोन तरी आला असता," तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याला राहवेना. कामावरून परतताना तो दुकानात शिरला. दुकानदार जाळी धूत होता.

"या, या. तुमची गोगलगाय मजेत आहे."

"गोगलगाय?"

दुकानदाराने ओल्या हातानेच मोठ्या टाकीकडे बोट केले. मुकादम मधोमध तरंगत होता. त्याच्या भोवती बोटाच्या पेराएवढे मासे बिनधास्त हिंडत होते. एक तर त्याच्या पोटाखालून आरपार गेला. मुकादमाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"यांच्यात कसा सोडलात? मारून टाकेल तो!"

"मला वाटलंच तुम्ही ओरडणार. त्याची वेगळी टाकी गळायला लागली, मग करतो काय? पहिला दिवसभर स्टूल टाकून पहारा दिला मी. बायको म्हणाली, आता डबा तिथेच पाठवू का? पण यानं कुणाला हात लावला नाही. उलट दोघं भांडायला लागले की मधे जाऊन उभा राहतो."

"घरी सहा मारलेत त्यानं."

"मारताना पाहिलंत?"

त्याने आठवून पाहिले. मारताना पाहिले नव्हते. मेलेला मासाही कधी पाहिला नव्हता. मग इथले पाणी वेगळे असेल? घरी खाणे कमी पडले असेल? की आपल्याच हाताला काही वास होता? तो मनातल्या मनात एकेक तार तपासत गेला. तुटलेली एकही सापडेना.

इतक्यात कोपऱ्यातल्या पाणवेलीमागून एक नारिंगी मासा बाहेर आला. त्याच्या शेपटीचा वरचा भाग नव्हता. तो सावकाश पोहत मुकादमापाशी गेला आणि त्याच्या कुशीला लागून थांबला, अगदी घरी थांबत असे तसाच.

"हा... हा कुठून आला?"

"तो होय? तुमच्या माशाच्या आदल्याच दिवशी आला. शेपटी अर्धी, त्यामुळे कुणी घेत नाही. एक बाई आणून द्यायच्या. वयस्कर होत्या. दर खेपेला एकच मासा, निळ्या झाकणाच्या बरणीत. असे सहा आणले त्यांनी."

त्याने टाकीच्या कडेला हात टेकला. "का आणायच्या?"

"मीही शेवटच्या खेपेला विचारलं. म्हटलं, घरी मोठा मासा आहे का, मारतो का यांना? तर म्हणाल्या, छे, तो कुणाच्या खवल्यालाही धक्का लावत नाही; नुसता रोज सातला रिकाम्या खुर्चीपाशी येऊन वाट बघतो, आणि ते मला बघवत नाही."