नाण्यावरचा निरोप

आयझॅकने तांब्याचं नाणं तुरुंगाच्या फरशीवर घासून गुळगुळीत केलं. ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणारे कैदी अशा नाण्यावर निरोप कोरून बायकोला देत.

शेजारच्या म्हाताऱ्या कैद्याने खिळा उचलला. “‘सात वर्षं वाट बघ’, हेच ना? सगळे तेच सांगतात.”

“‘जन्मठेप’ कोर, बाबा.”

“वेड्या, तुला सातच झालीत!”

“परतीचं भाडं कुठून आणू? मार्था अजून तरुण आहे. माझ्यापायी झुरत बसेल.”

म्हातारा कोरू लागला.

दुपारी गजांपलीकडे मार्थाने नाणं वाचलं. “सातच म्हणाले होते ना?”

“वाढवली,” तो खाली बघत म्हणाला.

ती नाणं उराशी धरून निघाली. सकाळपासून घोकलेलं ‘दुसरं लग्न कर’ मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडलंच नाही.