लाल फेडर

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून मी हे फारसं कुणाला सांगत नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने त्या सकाळी दुसऱ्यांदा सांगायला घेतलं.

समोर चौघं गिऱ्हाइकं होती. गिटार वाजवणारा लांब्या, तालाचं पॅड बडवणारा दादा, कीबोर्डवाले भावोजी आणि या तिघांच्या मधे गाणारी धाकटी. दादा तिचा सख्खा भाऊ, भावोजी थोरल्या बहिणीचे यजमान. लांब्या कुणाचाच कुणी नव्हता, तरी हुकूम त्याचाच चालायचा. मागच्या तीन कार्यक्रमांत धाकटीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नव्हता. मधे उभी राहून नुसतं तोंड हलवणारी ही मुलगी कोण, अशी एका पाहुण्याने चौकशीही केली होती. उद्या संध्याकाळीही तेच झालं तर तिच्या जागी दुसरी गायिका घ्यायची, हे घरातल्या घरात ठरून गेलं होतं. तिचा आवाजच मुळी लहान, असं भावोजींचं म्हणणं. दादा मात्र दोष मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राला द्यायचा. म्हणून शेवटची संधी द्यायला, खिशाला झेपेल असा मिक्सर शोधत, ते जुन्या सामानाच्या या दुकानात आले होते.

काचेच्या कपाटात एक नवाकोरा मिक्सर होता, पडद्यावर बोट फिरवायचा. लांब्याने त्याची किंमत वाचली आणि अंगावर पडेल की काय अशा भीतीने तो दोन पावलं मागे सरला. म्हाताऱ्याने टेबलावर काढला तो जुना, जडशीळ, बारा चॅनलचा. प्रत्येक चॅनलचा, म्हणजे त्याला जोडलेल्या माइकचा किंवा वाद्याचा आवाज वरखाली करायला एक सरकतं बटण, म्हणजे फेडर. अकरा फेडर काळे, शेवटचा लाल.

हा लाल फेडर ज्याच्या नावाने वर न्यावा त्याचा आवाज उठतो, असं म्हाताऱ्याचं सांगणं. एकदा एका मैदानात ऐन वेळी गायकाचा घसा बसला. म्हाताऱ्यानं लाल फेडर जेमतेम पाव इंच सरकवला, तर शेवटच्या रांगेतल्या ठार बहिऱ्या आजीनं निरोप धाडला, जरा हळू. अगदी टोकाला तो एकदाच नेला होता. त्या दिवशी शेजारच्या गावानं वन्स मोअर दिला, फक्त तो पोहोचायला दुसरा दिवस उजाडला.

भावोजी हसले. लांब्या हसला नाही. त्याने वाजवून दाखवायला सांगितलं.

वायरी जोडल्या गेल्या. माइकची वायर तोकडी निघाली, म्हणून धाकटीला टेबलाला चिकटूनच उभं राहावं लागलं. गाणं सुरू झालं आणि नेहमीचंच झालं. गिटार पॅडवर, पॅड कीबोर्डवर, सगळे एकमेकांच्या उरावर. धाकटीचे ओठ तेवढे हलत होते.

आपली गिटार ऐकूच येत नाही, असं लांब्याने मानेनं खुणावलं. म्हाताऱ्याने उजव्या हाताची बाही सारली आणि देवघरातला दिवा उचलावा तशा हलक्या हाताने लाल फेडर वर नेला. डावा हात काळ्या फेडरांवर नुसता टेकल्यासारखा दिसत होता, निजलेल्या मांजराच्या पाठीवर टेकावा तसा. लांब्याने मान डोलावली. आता बरोबर. मग दादाची तशीच खूण आली. लाल फेडर आणखी वर. दादाही खूश. शेवटी भावोजींनी भुवया उंचावल्या, तेव्हा तो टोकाला जाऊन ठेपला.

आणि मग तो आवाज आला.

मोठा नव्हता. पण स्पीकरच्या जाळीतून तो असा निघाला, जणू कुणी दुकानाची भिंतच उचलून बाजूला ठेवली. दादाचा हात पॅडवर थबकला, पुन्हा पडला, पण अलगद. जन्मापासून घरात ऐकलेला हा गळा आपण कधी ऐकलाच नाही, अशा नजरेने तो बहिणीकडे बघत राहिला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं पायरीशी थांबली, मग चार झाली. सायकलवाल्याने एक पाय जमिनीला टेकला, तो टेकलेलाच राहिला. भावोजींनी चष्मा काढला आणि कशासाठी काढला ते विसरून हातातच धरला. इतकी वर्षं थापा मारणाऱ्या म्हाताऱ्यानेही लाल फेडरवर बोट तसंच धरून ठेवलं.

आधी लांब्या भानावर आला. हाच घ्यायचा, म्हणाला. दादा तर लाल फेडरवरून बोटसुद्धा फिरवायला धजेना.

म्हातारा पुढे सरसावला. "मी म्हटलं होतं की नाही? तुम्हा तिघांनाही वर नेलं. तिघं जोरात वाजलात, म्हणून तर पोरीच्या गळ्याला आधार मिळाला. सगळी या लाल फेडरची करामत."

धाकटीने टेबलावरून वाकून मिक्सरच्या मागे पाहिलं. मग सरळ उभी राहिली. माइक हातात तसाच होता, आणि चालूही.

"काका, लाल फेडरला वायरच जोडलेली नाही," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "दर वेळी तुम्ही तो वर नेलात आणि डाव्या हाताने या तिघांना खाली आणलंत."

रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर कुणीतरी मोठ्याने हसलं.