मर्यादा दीडशे

आजही सकाळपासून चार नंबरच्या खाटेचं मशीन केकाटत होतं. ठोके एकशेवीसच्या वर गेले की ते ओरडणार, आणि पेशंटचे ठोके तीन दिवसांत एकशेचाळीसच्या खाली उतरले नव्हते. जंतू रक्तात पसरलेले, रक्तदाब औषधाच्या टेकूवर. मोठ्या सिस्टरची सलग दुसरी ड्यूटी होती. डोकं उठलं तसं तिने मशीनची मर्यादा दीडशेवर नेली. सगळेच नेतात. खोली गप्प झाली.

दुपारी डॉक्टर आले. आकडा बघून त्यांनी पेशंटच्या बायकोला बाजूला घेतलं.

"काकू, हृदय फार पळतंय. असंच पळत राहिलं तर दमून बसेल. आवरायचं औषध देतो, अगदी थेंबाथेंबाने. पण त्याने रक्तदाब ढासळू शकतो. ढासळला, तर सावरणं कठीण आहे."

"पण ठोके तर उतरलेत ना?" काकू म्हणाल्या. "तीन तास झाले, मशीन वाजलं नाही. मी लेकीला कळवलंसुद्धा, बरं आहे, येऊ नकोस म्हणून."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं.

"आवाज मी बंद केला, काकू," सिस्टर म्हणाली. "ठोके होते तेवढेच आहेत. तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

काकू चिडल्या नाहीत. चिडायलाही अंगात त्राण लागतं. लेक पाच तासांवर राहत होती.

औषध सुरू झालं. डॉक्टरांची बोटं पेशंटच्या मनगटावर, डोळे पडद्यावर. एकशे चव्वेचाळीस. एकशे एकेचाळीस. रक्तदाब जरा घसरला आणि तिथेच घुटमळत राहिला.

"लेकीला फोन लावा," सिस्टर म्हणाली. "आत्ता निघाली तर..."

काकूंनी फोन तिच्याकडे दिला. सिस्टरनेच नंबर लावून स्पीकर चालू केला.

"अगं, निघतेस का? मघाशी मी बरं आहे म्हटलं खरं, पण..."

पलीकडे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते.

"आई, तू येऊ नकोस म्हणालीस, तेव्हाच निघाले मी. अर्धी वाट झाली. बाबांना जाऊ देऊ नकोस."

पेशंटच्या एका हाताला सुया होत्या, दुसरा डॉक्टरांकडे. काकू खाटेच्या पायथ्याशी गेल्या आणि त्यांनी चादरीवरूनच नवऱ्याचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले.