सैल गाठ

"पुन्हा फाटलं? काय हो, तुमचं जाळं मासे धरतं की खडक?"

हा आवाज तांडेलाने कानात जपून ठेवला होता. हाताखाली बोट होती तेव्हाही, आणि आता हातात काठी आली तरीही. बोट विकल्यापासून तो बंदराच्या टोकाला, टाकाऊ जाळ्यांच्या शेडमध्ये बसायचा. समुद्राने परत केलेलं निवडायचं: नायलॉन एकीकडे, दोरखंड एकीकडे, जाळ्याच्या वजनांचं शिसं बादलीत, बाटल्या-पिशव्या पोत्यात. मग लॉरी यायची आणि सगळं घेऊन जायची.

आज सकाळी एका बोटीने तळातून भला मोठा गुंता वर काढला होता. शेवाळ, शिंपले, कुणाच्या तरी पायातली एकच चप्पल, आणि पोटात एक काळं जाळं. तांडेलाने त्यावर पाइप धरला. चिखल वाहून गेला आणि काळ्यातून हिरवं डोकावलं. हिरव्या दोऱ्याची ठिगळं.

पाइप तसाच वाहत राहिला.

बंदरात जाळी सांधणाऱ्या प्रत्येकीचा रंग ठरलेला असे. ठिगळ उसवलं तर भांडायला कुणाच्या दारात जायचं ते कळावं म्हणून. हिरवा रंग सुईबाईचा. कानातला तो आवाजही तिचाच. केसांत सदा लाकडी सुई खोचलेली, म्हणून सुईबाई. तिच्या दारात मात्र कधी कुणी भांडायला गेलं नाही. तिची गाठ सुटतच नसे.

जाळं त्याचंच होतं. तरुणपणी भर वादळात तोडून सोडलेलं. माणसं वाचली, जाळं गेलं, आणि तांडेल काठावर बसून पोरासारखा रडला. लोकांना वाटलं, जाळ्यासाठी. पण जाळंच नाही तर फाटणार काय, आणि तिच्या ओट्यावर जाणार कसल्या निमित्ताने? नवीन जाळं येईपर्यंत तिचं लग्न ठरलं होतं.

तो ठिगळावरून बोट फिरवू लागला. गाठी कशा खड्यासारख्या घट्ट. कोपऱ्यातली एक मात्र बोटाखाली हलली. सैल होती. त्याने दुसरं ठिगळ चाचपलं. तिथेही कोपऱ्यात एक. तिसऱ्यातल्या सैल गाठीवर तर शिंपला चिकटून बसला होता, राखण करत बसावा तसा.

"काका, कचरा भरायचाय," लॉरीवाला ओरडला, "नवरी नाही पसंत करायची!"

"तुला रे कसली घाई? तुझी कोण वाट बघतंय?"

"बायको बघते की! तुमचं बरं आहे, तुमची कुणी बघत नाही."

तांडेल हसला नाही. कारण तेवढ्यात दारात सुईबाई येऊन उभी राहिली होती. केस पांढरे झाले होते, सुई तीच. हातात पिशवी.

"दोऱ्याची उरलीसुरली रिळं," ती म्हणाली. "घर बंद करतेय. वाऱ्याने समुद्रात जातील, त्यापेक्षा तुमच्याकडे बरी."

"निघालीस?"

"दुपारच्या गाडीने. लेक म्हणते, बाबा जाऊनही आता काळ लोटला, पुरे झालं एकटीने राहणं."

"तिथे समुद्र नाही."

"नळ आहे. दिवसभर पाणी असतं म्हणे."

तांडेलाच्या तोंडात 'बरं' आलं. आयुष्यभर तो हेच म्हणत आला होता. लग्न ठरल्याचं तिने सांगितलं तेव्हाही 'बरं' म्हणाला होता. त्याची बायको वारली आणि ही भेटायला आली, 'जपा' म्हणाली, तेव्हाही 'बरं'च.

"काका, भरू का?" लॉरीवाला जाळ्याला हात घालू लागला.

"थांब." तांडेलाने जाळं ओढून तिच्यापुढे धरलं. "ओळखतेस?"

तिने पिशवी खाली ठेवली. शोधावं लागलं नाही, चाचपावं लागलं नाही. तिचं बोट सरळ कोपऱ्यातल्या सैल गाठीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"माझं जाळं खडकावर कधीच फाटलं नाही," तांडेल म्हणाला. "मी कापायचो. सुरीने."

"ठाऊक आहे. खडक इतकं सरळ कापत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पुढच्या खेपेला सुरी लागू नये म्हणून दर ठिगळात एक गाठ सैल ठेवत होते. नुसती ओढली असती तरी सुटली असती." ती जाळ्याकडेच बघत होती. "तुम्ही आपले दर वेळी नवीन जागा कापून आणायचात."

लॉरीवाल्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो मुकाट्याने पोती उचलायला गेला.

तांडेलाने नखाने शिंपला काढला. गाठ चिमटीत धरली आणि ओढली. इतकी वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेली गाठ अलगद सुटली. ठिगळाला बोट जाईल एवढं भोक पडलं.

"पुन्हा फाटलं," तो म्हणाला. "सांधायला थांबशील?"