पाठीवर पडलेला हात

बाबांना चौबे कॉलनीतल्या घरासमोर तिरडीवर ठेवलं होतं. मी बायकांच्या रांगेत उकिडवी बसले होते, शाळेत खो-खोला बसायचे तशी. रडू येत नव्हतं. पुढ्यात विस्तवाचं मडकं धुमसत होतं. ते दादानं धरायचं, पण त्याचं विमान बंगळुरूहून सुटलंच नव्हतं. काका म्हणाले, "तो येईपर्यंत थांबू. पोट्टीच्या हाती मडकं काहून द्याचं?" मी बसूनच राहिले. खेळाच्या सरांनी दोनच गोष्टी घोटवल्या होत्या: पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नाही, उठल्यावर मागे वळायचं नाही. तेवढ्यात पाठीवर थाप पडली, खो दिल्यासारखी. मागे आई होती. "ऊठ मंजू. तूच धर." मी उठले. मडकं उचललं. चटका बसला असेल, कळलं नाही. निघताना भटजी म्हणाले, "बेटी, अब पीछे मत देखना." आईचा पहिला हुंदका फुटला. मी वळले नाही.