बारावी सीडी

नुसत्या गिटारवर जुनी गाणी वाजवणाऱ्या त्या बँडच्या बारा सीड्यांपैकी अकरा कल्लप्पाच्या कपाटात कुलपात होत्या. बारावी आज मंगळवार बाजारात, जुन्या सामानाच्या ढिगात दिसली. त्याने झडप घातली, तर डबीचं दुसरं टोक एका बाईने घट्ट धरलेलं.

"सोडा दादा, आमच्या आप्पांची हाय. गड्ड्याच्या जत्रेआधी घर रंगवताना मीच चुकून खोका भंगारात दिला. तवापासून आप्पा धड जेवंनात. उघडून बघा, आत नाव हाय."

जांभळ्या शाईत नाव होतं. कल्लप्पाने डबी सोडली.

"लई उपकार झाले. आता बाकीच्या अकरा तेवढ्या मिळायला पायजेत."

"मिळतील की," कल्लप्पा म्हणाला.

हेच नाव त्याने घरी अकरा वेळा स्पिरिटने पुसलं होतं.