शेरीफची टोपी

यंदा मस्कतच्या मराठी मंडळाचं नाटक काउबॉयच्या काळातलं होतं. अजिंक्य शेरीफ, मी दरोडेखोर. तो इथेच वाढलेला, मराठी बोलतो पण वाचत नाही. म्हणून त्याची वाक्यं मी इंग्रजी अक्षरांत लिहून टोपीत चिकटवायचे. शेवटी तो टोपी काढून प्रेमाची कबुली देतो आणि मी त्याला गोळी घालते. तालमींत चाळीसदा मारलं होतं त्याला. प्रयोगात मात्र त्याने टोपी उलटी माझ्यापुढे धरली. आत त्याच्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, ‘रेवा, लग्न करशील माझ्याशी?’ माझं पिस्तूल खाली आलं. तेवढ्यात विंगेत जनार्दनकाकांनी ठरल्याप्रमाणे गोळीच्या आवाजासाठी फुगा फोडला. ठो! अजिंक्य उत्तराची वाट बघत उभाच. “यल्ला, मर की आता!” काका कुजबुजले. तो मुकाट मेला. मी वाकून प्रेताच्या कानात म्हणाले, “हो.” प्रेताने हळूच टोपी तोंडावर ओढली.